नर्सरीवाल्याला झाडाचं पूर्ण नाव विचारा

मुंबईत औषधी झाडं लावणारी माणसं वाढली आहेत, आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे. तुळस, कोरफड आणि गवती चहा घरोघरी होतेच. आता खिडकीच्या ग्रिलमध्ये अडुळसा, पिंपळी, निर्गुंडी, ब्राह्मी, वेखंडही दिसू लागलेत. पण कुंडी घरी येते, तिच्यासोबत यायला हवी ती माहिती मात्र येत नाही, हे मला फार सलतं. "औषधी आहे, रोज दोन पानं चावून खा," एवढ्यावर विक्री होते.

ब्राह्मीचंच घ्या. या नावाने दोन वेगळी झाडं विकली जातात. एक बकोपा मोनिएरी, बारीक मांसल पानांची. दुसरी सेंटेला एशियाटिका, गोल पानांची, म्हणजे मंडूकपर्णी. दोन्ही गुणी, पण एक नव्हेत. नर्सरीतल्या पाटीवर फक्त 'ब्राह्मी' लिहिलेलं असेल, तर तुम्ही नक्की काय खाताय?

गुळवेलीच्या बाबतीत तर हा प्रश्न थेट यकृतापर्यंत गेला. कोविडच्या काळात घरोघरी काढे उकळत होते. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यातल्या काहींना आधीपासून इतर आजार होते. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया म्हणजे खरी गुळवेल आणि टिनोस्पोरा क्रिस्पा यांची गल्लत होऊ शकते, असं आयुष मंत्रालयाने त्यावर सांगितलं. क्रिस्पाच्या खोडावर बारीक गाठी असतात. वाद तिथे मिटला नाही. पण कुंपणावरचा वेल कापून महिनोन् महिने काढा पिणं बरं नव्हे, एवढं तरी त्यातून घ्यायला हवं. यकृताचा किंवा ऑटोइम्यून (म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा) आजार असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला हात लावू नये.

आपल्या आज्यांकडे हे भान होतं. बाळगुटी उगाळताना सहाणेवरचे वेढे मोजले जायचे आणि वयाप्रमाणे वाढवले जायचे. प्रत्येक जिनसाचं माप ठरलेलं असे. मला ही शिस्त परत हवी आहे, त्यात नव्या माहितीची भर घालून. गुटीतल्या वेखंडात बीटा-असारोन हे घातक मानलं जाणारं रसायन असतं, आणि अमेरिकेने 1968 मध्येच खाद्यपदार्थांत वेखंड वापरायला बंदी घातली. म्हणून सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका, आणि नंतरही वेखंड चाटवू नका. झाड मात्र जरूर लावा. त्याला चिखल आवडतो. फक्त कुंडीखाली पाणी साचू देऊ नका, डेंग्यूचे डास तिथेच होतात.

इन्सुलिन प्लांटबद्दल जरा कडक बोलतो. ते कॉस्टस कुळातलं, मूळ ब्राझीलचं झाड. त्याच्या पानात इन्सुलिन नसतं. शेजारपाजारचे काका पान खातात आणि मधुमेहाची गोळी बंद करतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो. पान खायचंच असेल तर डॉक्टरांना सांगून खा, साखर तपासत राहा, गोळी स्वतःहून सोडू नका.

मग लावायचं काय? अडुळसा. फांदी खोचली की पावसाळ्यात फुटते. यातल्या वासिसिन या घटकावरूनच खोकल्याच्या औषधांतलं ब्रोमहेक्सिन तयार झालं. पानांचा रस मधातून थोडासा, दोन-चार दिवस, बस. गरोदर बाईने घेऊ नये. निर्गुंडीचा पाला गरम करून दुखऱ्या गुडघ्यावर बांधा, पोटात घ्यायची गरजच नाही. पिंपळी सावलीत आणि दमट हवेत खुलते, त्यामुळे ऊन न येणाऱ्या आपल्या खिडक्यांना अगदी योग्य. पानओवा तर भज्यांसाठीसुद्धा लावा.

झाड ओळखायला शिकायचं असेल तर राणीच्या बागेत जा, तिथे झाडांवर नावाच्या पाट्या आहेत. धारावीजवळचं महाराष्ट्र निसर्ग उद्यानही बघा, जुन्या कचराभूमीवर उभं राहिलेलं. आणि नर्सरीत गेलात की शास्त्रीय नाव मागा. दहा गिऱ्हाइकांनी मागितलं की नर्सरीवाला पाटीवर लिहायला लागेल.

माझ्याकडे अडुळसा आणि पिंपळीची रोपं तयार आहेत. हवी असतील त्यांनी कळवा. प्रत्येक रोपासोबत शास्त्रीय नाव, वापरायचा भाग आणि कुणी घेऊ नये, हे लिहिलेली चिठ्ठी देईन.