जबडा म्हणजे बिजागरी नव्हे: ‘एका दिवसात कवळी’च्या मेसेजला उत्तर

सोलापुरातल्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. माझ्याकडे तो तीन जणांनी पाठवला. म्हणणं थोडक्यात असं: जबडा दाराच्या बिजागरीसारखा नुसता उघडतो आणि मिटतो, म्हणून कवळीला एक माप पुरे. ‘आर्टिक्युलेटर’ नावाचं यंत्र, म्हणजे जबड्यांचे साचे बसवून त्याची हालचाल करून बघायचं साधन, फक्त दिखाव्याचं. चार-पाच खेपा बिल वाढवायला. आणि नवी कवळी कुठं लागली तर घरीच कानशीनं घासून घ्या. मी दातांच्या लॅबमध्ये काम करतो, रोज कवळ्या हाताळतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी बिजागरी. दोन्ही कानांच्या अगदी पुढे एकेक बोट ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. पहिले साधारण दोन सेंटिमीटर बोटाखालचं हाड बहुतांशी जागच्या जागी फिरतं. त्यापुढे ते घसरून पुढे आणि खाली जातं, बोटाखाली खळगा पडतो. दाराची बिजागरी अशी चौकटीवरून सरकत नाही. चावताना तर जबडा खाली येतो, घासाच्या बाजूला झुकतो आणि दात तिरके घासत परत जागेवर येतात. कडक भाकरी शेंगाचटणीशी खाणाऱ्या कुणाच्याही समोर बसून हनुवटीकडे बघा, सरळ वर-खाली जाताना ती दिसणार नाही.

कवळीवाल्यांसाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे ते जबडा पुढे सरकल्यावर काय होतं ते. सांध्याचं हाड उतारावरून खाली घसरतं, त्यामुळे जबड्याची मागची बाजू खाली जाते. बाइट, म्हणजे वरचा आणि खालचा जबडा एकमेकांवर कसे बसतात त्याचं माप, घेताना डॉक्टर तोंडात मेणाचे दोन सपाट पट्टे ठेवतात. पेशंटला खालचा जबडा पुढे काढायला सांगा: समोर पट्टे टेकलेले राहतात आणि मागं दाढांच्या जागी फट पडते. ख्रिस्तेन्सन या दंतवैद्यांनी ही फट १९०५ च्या सुमारास मांडली, आजही ती त्यांच्याच नावानं ओळखतात. स्वतःच्या दातांना या फटीचं काही वाटत नाही, ते हाडात रुतलेले असतात. कवळी नुसती हिरडीवर बसलेली असते. समोर टेकली आणि मागं आधार नसला की ती उलटते. म्हणून दाढा सपाट न लावता वळणावर लावाव्या लागतात.

मागे एका आजींची कवळी आमच्याकडे दुरुस्तीला आली, एका दिवसात करून घेतलेली. तोंड मिटलं की दात नीट जुळायचे. भाकरीचा तुकडा पुढच्या दातांनी तोडायला गेल्या की वरची कवळी मागून सुटायची. आजी भाकरी आमटीत कुस्करून खात होत्या आणि ‘माझ्याच हिरड्या गेल्या’ म्हणत होत्या. तोंड मिटून तपासणाऱ्याला त्या कवळीतला दोष कधीच दिसला नसता.

आता यंत्र. सांध्यापासून खालच्या पुढच्या दातांच्या मध्यापर्यंत सरासरी चार इंच, हा आडाखा बॉनविल या दंतवैद्यांनी एकोणिसाव्या शतकातच दिला. नुसतं उघडमीट करणाऱ्या छोट्या साध्या यंत्रावर (हिंजवर) हेच अंतर बरंच कमी असतं. मग मिटण्याचा कंसच बदलतो, आणि बाइटची उंची एक-दोन मिलिमीटरनं बदलली तरी दात यंत्रावर एका जागी भेटतात आणि तोंडात दुसऱ्या. मीन व्हॅल्यू, म्हणजे सरासरी मापाच्या, आर्टिक्युलेटरवर अंतर माणसाच्या सरासरीचं असतं आणि सांध्याचा उतारही, साधारण तीस अंश. ती सरासरी आहे, तुमचा स्वतःचा जबडा नाही, हे मी मान्य करतो. फेसबो (पेशंटच्या सांध्यापासून जबड्याचं माप यंत्रावर नेणारं साधन) लावल्याशिवाय कवळी चांगली होतच नाही, असंही नाही. सोप्या पद्धतीच्या कवळ्यांवरही पेशंट तितकेच समाधानी असल्याचं तुलनांमध्ये दिसलं आहे. पण त्या सोप्या पद्धतीतही बाइट नीट घेतलेली असते.

यंत्राचा आणखी एक उपयोग पेशंटला कधी दिसत नाही. अॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लास्टिक, गरम पाण्यात शिजताना थोडं आकसतं, दात किंचित हलतात. शिजलेली कवळी पुन्हा आर्टिक्युलेटरवर चढवली की पुढची पिन, जी आधी यंत्राच्याच छोट्या पाटीला टेकलेली होती, ती अधांतरी दिसते. फट अर्धा मिलिमीटरची असेल, कधी जास्त. निळा कागद दातांमध्ये धरून आपटायचं, उमटलेला ठिपका हलकेच घासायचा, परत आपटायचं, पिन टेकेपर्यंत. हे केलं नाही तर तोच अर्धा मिलिमीटर रोज हिरडीवर आदळतो.

खेपांबद्दलचा राग मला समजतो. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून येणाऱ्याचा किंवा विड्या वळणाऱ्या बाईचा खेपेगणिक रोज बुडतो. दोन कामं एका खेपेत बसतात का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. फक्त बाइट आणि मेणातली ट्रायल (दात मेणात लावून तोंडात बघणं) सोडू नका. दात मेणात असेपर्यंत हलवता येतात, अॅक्रिलिक झाल्यावर नाही.

कानस मात्र अजिबात नको. दुखतं एकीकडे आणि दात आधी लागत असतो भलतीकडे, असं पुष्कळदा होतं. दुखत्या जागी घासलं की कवळी सैल होते आणि दुखणं तसंच राहतं. डॉक्टरांकडे जायच्या आधी काही तास कवळी घालून ठेवा, म्हणजे हिरडीवरचा लाल डाग त्यांना दिसेल.