मुक्काम पोस्ट पाचवा फ्रेट

माझ्या बायकोला गिटारमधलं काही कळत नाही, पण माझा सोलो कधी संपणार हे तिला तंतोतंत कळतं. मी सुरू झालो की ती कुकर चढवते आणि तिसऱ्या शिट्टीला मी शेवटच्या स्वरावर असतो. अकरा वर्षांत भात एकदाही लागला नाही की कच्चा राहिला नाही. मुलगी या प्रकाराला ‘बाबांचा स्क्रीनसेव्हर’ म्हणते.

गिटार मी चाळिशी उलटल्यावर घेतली. त्या वयात फोंड्यातली माणसं एक तर साखरेची गोळी सुरू करतात किंवा देवस्थानच्या कमिटीवर जातात. मला दोन्हीला थोडा अवकाश होता. शिकवणाऱ्या सरांनी दुसऱ्याच महिन्यात पेंटाटॉनिक स्केल दिलं आणि म्हणाले, "हे पाच स्वर धरून ठेव, चुकायचा प्रश्नच नाही." इथेच घात झाला. मी बँकेतला माणूस. संध्याकाळी दोन रुपयांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत बसणारा. चुकायचंच नाही अशी हमी मिळाल्यावर मी तिथून कशाला हलतोय?

गिटार कधी हातात न घेतलेल्यांसाठी सांगतो. गिटारच्या मानेवर आडव्या पट्ट्या असतात, त्यांनी पाडलेला एकेक खण म्हणजे फ्रेट. सहाव्या, म्हणजे सगळ्यात जाड तारेवर पाचवा आणि आठवा फ्रेट. पुढच्या तीन तारांवर पाचवा आणि सातवा. शेवटच्या दोन तारांवर पुन्हा पाचवा आणि आठवा. झाली बारा ठिकाणं, आणि स्वर पाचच: ए, सी, डी, ई, जी. हे ए मायनर पेंटाटॉनिक. या आकाराला गिटारवाले बॉक्स म्हणतात. हमीचं कारणही साधं आहे. या पाचांतले कुठलेही दोन स्वर एकमेकांना चिकटून नाहीत, सगळ्यात जवळच्या दोघांतही दोन फ्रेटांचं अंतर. आमच्याकडच्या जुन्या घरांसारखं. मध्ये परसू, विहीर, चार माड. भांडण झालंच तर वर्षातून एकदा, तेही माडाचं झाप कुणाच्या हद्दीत पडलं यावरून.

अशा सुखवस्तू वाड्यावर मी बिऱ्हाड केलं. पावसाळ्यात गोव्यात गिटारच्या तारांना गंज चढतो. माझ्या तारा पाच ते आठ फ्रेटांच्या मध्ये लख्ख असतात आणि दोन्ही बाजूंना तपकिरी. दुरुस्तीवाल्याने एकदा गिटार उजेडात धरली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता ठेवून दिली. डॉक्टर सिगारेट ओढणाऱ्याचा एक्स-रे बघून ठेवतात, तशी.

हे सगळं खपलं असतं, पण मी फोंडा तालुक्यात राहतो. इकडे मंगेशी, मास्टर दीनानाथांचं आणि अभिषेकीबुवांचं गाव. तिकडे केरी, गायिका केसरबाई केरकरांची. केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानातून सूर्यमालेबाहेर निघाली. माझा सोलो आमच्या तुळशीवृंदावनापर्यंत जातो आणि तिथे आत्या बसलेली असते.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तरुणपणी रीतसर तालीम घेतलेली, एके काळी पणजी आकाशवाणीवर गायलेली. ती कौतुक करत नाही, ती निदान करते. पहिल्या वर्षी एकदा दुपारी तिने विचारलं, "रे, तुझा भीमपलास रोज चढतो, तो उतरत कसा नाही?"

मी म्हटलं, "आत्या, हे ब्लूज आहे."

"असेल. भीमपलास चढताना पाच स्वरांनीच चढतो, नि सा ग म प. पण उतरताना धैवत, ऋषभ घेऊन उतरतो. तू चढतोस आणि वरच बसतोस. उतरायचंच नसेल तर त्याला धानी म्हण, माझी हरकत नाही."

म्हणजे मी अमेरिकेहून आणलेलं स्केल आमच्या माजघरात आधीच होतं. पाच स्वरांच्या रागांना औडव जातीचे म्हणतात, हेही त्याच दुपारी कळलं. तिसऱ्या तारेवर सातव्या फ्रेटला बोट देऊन मी तार वर ताणतो तेव्हा मध्यमावरून पंचमापर्यंत घसरत जाणारी मींड बरी येते, एवढं एक प्रमाणपत्र तिने दिलं. लगेच पुढे म्हणाली, "पाच स्वर एकेकदाच घेऊन किती क्रम होतात? बँकेत आहेस ना? पाच गुणिले चार गुणिले तीन गुणिले दोन."

"एकशे वीस."

"याला मेरुखंड म्हणतात. त्यातले तू चार वाजवतोस. मी मोजलेत."

खरा छळ मात्र शनिवारी. आमची मंडळी लोटलीला बासवाल्याच्या जुन्या घराच्या बाल्कांवात, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर जमते. बासवाला घराण्याने वाजवणारा. आजोबांनी पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळेत सोल्फेज, म्हणजे स्वरलिपी पाहून गायची तालीम, घोटलेलं आणि मग मुंबईला जाऊन सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन धरलेलं. नातवाला नोटेशन पेपरासारखं वाचता येतं. बाकी गाणं चालू असतं तोवर मी सुखी असतो. कॉर्ड, म्हणजे तीनचार स्वर एकदम, वाजवायचे, मान डोलवायची. मग तो माझ्याकडे हनुवटी उचलतो आणि म्हणतो, "पात्रांव, सोलो मार!" सरकारी कचेरीत आपला नंबर पुकारला जावा आणि कागद घरी राहिलेला असावा, तसं पोटात होतं. मी पाचव्या फ्रेटवर जातो. बारा ठिकाणं फिरून येतो. करंगळी आठव्यावर ताणतो, डोळे मिटतो (डोळे मिटले की लोकांना भाव वाटतो), आणि परत येतो. सगळ्यांना रस्ता पाठ आहे. ड्रमवरचा पोरगा तर माझ्या शेवटच्या स्वराच्या आधीच झांज मारून मोकळा होतो.

जूनमध्ये एका शनिवारी बासवाल्याने बास खाली ठेवला आणि म्हणाला, "परत तेंच मरे?" मग त्याने जे सांगितलं ते मला फेणीचा परिणाम वाटलं. मी ए धरून बसतो, तू बी मायनरचं पेंटाटॉनिक वाजव. मग ई मायनरचं. आकार हाच, बोटं हीच, फक्त बॉक्स उचलून सातव्या फ्रेटवर ने, बाराव्यावर ने. ए मायनर चालू असताना बी मायनर? दुसऱ्याच्या लग्नात जाऊन आपली मंगलाष्टकं म्हणायची?

घरी येऊन आत्याला सांगितलं. ती विळीवर नारळ खवत होती. म्हणाली, "तो सा कुठे धरतो?"

"ए वर."

"म्हणजे पांढरी सहा. माझीच पट्टी. ती पेटी लाव."

आत्याची इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी पांढरी सहावर लावली आणि मी पाचव्या फ्रेटवर माझा बॉक्स वाजवला. "धानी," आत्या म्हणाली. सातव्या फ्रेटवर तोच बॉक्स, तीच बोटं. "दुर्गा." माझे हात थांबले. बाराव्यावर गेलो. "मधमाद सारंग. वाजव रे, थांबू नको." खाली दुसऱ्या फ्रेटवर आलो. "भूप. भूप ओळखत नाहीस?" खवलेला नारळ ताटात पडत होता, तिने वर पाहिलंसुद्धा नाही. मग मी दहाव्यावर गेलो आणि विळी थांबली.

"हा मालकंस. आणि पेटीत पंचम वाजतोय! मालकंसात पंचम असतो? मध्यमाला लाव ती आधी. आणि सकाळी अकराला मालकंस वाजवतोस? रात्रीचा राग तो. देवचार येऊन उभा राहील दारात."

देवचार आला नाही, गॅसवाला आला. पण माझी अवस्था फारशी वेगळी नव्हती. अकरा वर्षं मी ज्या एका खोलीत कोंडून घेतलं होतं, तिला चाकं होती. स्वरांचा आकार हलवायचा, सा मात्र जागचा हलवायचा नाही. त्याच बारा जागा दर वेळी नवा राग होऊन बसतात. आत्याच्या लेखी यात नवल काहीच नव्हतं. "मूर्च्छना. भरताने नाट्यशास्त्रात लिहून ठेवलीय. तिथे सा सरकवतात, तू स्वर सरकवतोस, हिशेब एकच. तुझ्या त्या लोटलीकराला सांग."

लोटलीकराला सांगितलं. त्याने "भरत खंयचो? मडगांवचो?" एवढंच विचारलं.

पुढचे दोन महिने मी पाच फ्रेटांची रोकड रोज जुळवत होतो. दोन भूप, पाच धानी, सात दुर्गा, दहा मालकंस, बारा मधमाद सारंग. आठवड्याभरात कळलं की हमीपत्रात बारीक अक्षरांत अटीही आहेत. बास ए वर ठाण मांडून असेल तर सातव्या फ्रेटचा दुर्गा छान वाजतो, पण गाण्यात मध्येच एफ कॉर्ड आला की दुर्गातला शुद्ध धैवत, म्हणजे एफ शार्प, त्याच्याशी अशी झोंबाझोंबी करतो की निमूट खाली यावं लागतं. भूप तर ए मायनर वाजवणाऱ्या माणसासमोर काढायचाच नाही. त्याचा गंधार शुद्ध, याचा कोमल, आणि दोघंही मागे हटत नाहीत. उलट एफ मेजर सेव्हन कॉर्डवर माझा तो जुना, लाजिरवाणा पाचव्या फ्रेटचा बॉक्स एकदम परदेशातून आल्यासारखा वाजतो. त्या पाचांत एफ नाहीच. यजमान बाहेर गेलेले आणि पाहुण्यांनी परस्पर बैठक रंगवलेली, तशातली गत.

शिवाय सवय. डोक्याला दुर्गा कळला होता, करंगळी अजून धानीतच होती. सातव्या फ्रेटवर नेऊन ठेवली की ती रात्री हळूच माहेरी निघून यायची.

चवथीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बासवाला सहकुटुंब आमच्याकडे आला, दर वर्षी येतो. घुमट, शामेळ ही तालवाद्यं आणि कांसाळें घेऊन आमच्या पोरांनी आरत्या दणकावल्या. खतखतं झालं, नेवऱ्या झाल्या, आणि मग कुणीतरी म्हणालं, वाजवा की काहीतरी. पडवीत बैठक बसली. बासवाल्याने गाडीतून बास काढला. पुतण्याने घुमट सोडलं नव्हतंच. आत्या खुर्ची ओढून समोर बसली आणि न विचारता तिने पेटी लावली. पांढरी सहा. बासने ए धरला, घुमट त्याच्याखाली घुमू लागलं, आणि क्षणभर मला खरंच वाटलं की लोटली आणि फोंडा यांच्यामध्ये झुआरी नदीच नाही.

(ती तशीही मध्ये येते, पूल ओलांडून जातो आम्ही. असो.)

हनुवटी उचलली गेली. पाचव्या फ्रेटवर दोन आवर्तनं धानी घेतला. बायको उठून स्वयंपाकघराकडे निघाली. आता सातव्यावर जायचं. गिटारच्या मानेवर पाच आणि सातला ठिपके असतात, सहावा कोरा. पण मुलीने पडवीभर त्या लुकलुकणाऱ्या माळा लावल्या होत्या. उजेड आला, ठिपका दिसला; मी हात उचलला, उजेड गेला; हात उतरला. सहाव्यावर.

सहावा फ्रेट म्हणजे बी फ्लॅट मायनर. कोमल ऋषभ, शुद्ध गंधार, तीव्र मध्यम, कोमल धैवत, शुद्ध निषाद, आणि वर सा नाही, प नाही. शेजारच्या पाची घरांतली भांडणं एकदम आमच्या पडवीत आली. मला कळलं होतं, पण बोटांना अकरा वर्षांची सवय. एकदा बॉक्स सुरू झाला की त्या बारा जागा संपल्याशिवाय थांबत नाहीत. पुतण्याचं घुमट अडखळलं. कुत्रा उठून अंगणात गेला. बारावी जागा झाली आणि मी जिवाच्या आकांताने एक फ्रेट खाली उडी मारून पाचव्यावर आलो, तो नेमका समेवर, आणि सातव्या फ्रेटची ती तार ताणली.

बासवाला ओरडलाच. "व्वा पात्रांव! आउटसाइड!"

नंतर त्याने सगळ्यांना समजावून सांगितलं की जॅझवाले मुद्दाम असंच करतात. तोच आकार अर्धा स्वर बाजूला सरकवायचा, ऐकणाऱ्याला कासावीस करायचं आणि अचूक वेळी घरी परतायचं. लोक माझ्याकडे आदराने बघू लागले. मीही तसाच चेहरा केला. आत्या तेवढी पेटी बंद करत म्हणाली, "बाहेर गेला होता हे मला कळलं. आत ये म्हणून मीच गणपतीला सांगत होते."

"पण आत्या, आलो की समेवर."

"आलास. तेवढं खरं." मग थोडा विचार करून म्हणाली, "पण हा एकशे विसात नव्हता रे."

आता बासवाला दर शनिवारी म्हणतो, ती सहाव्या फ्रेटवरची भानगड म्हाका शिकय. त्यामुळे घरी चुकीचा रियाज सुरू आहे. सहाव्यावर जातो, पण मुद्दाम गेलो की बोटं शहाणी होतात आणि वेळेआधी परत येतात. थोडं जास्त थांबावं म्हटलं तर घराचा रस्ता सापडत नाही. काल कुकरची चौथी शिट्टी झाली, पाचवी झाली, मी अजून बाहेरच. बायको दारात पळी घेऊन उभी होती.

अकरा वर्षांत पहिल्यांदा भात लागला.