विधवेला वावरात ‘फक्त पोटगी’? कायदा असं म्हणत नाही

व्हॉट्सॲपवर आणि पारावर एकच गोष्ट फिरते आहे: “नवरा वारला की जमीन पोरांची, बाईला फक्त पोटगी. दुसरं लग्न केलं की तीही बंद. आणि फेरफार होऊन दिराचं नाव चढलं की विषय संपला.” ज्या यवतमाळ, वर्धा, वाशीमच्या गावांत कर्त्या माणसाने जीव दिल्यावर बाईच वावर वाहते, तिथे हे वाचून बायका गप्प बसतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘जमीन पोरांची’ हे खोटं आहे. हिंदू वारसा कायदा, 1956 नुसार मृत्युपत्र नसेल तर मुलगा, मुलगी, विधवा आणि आई हे सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत आणि त्यांचे हिस्से सारखे. बौद्ध कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. नवऱ्याने स्वतः घेतलेलं सहा एकर वावर असेल आणि मागे हे चौघं असतील, तर बायकोचं दीड एकर. कलम 14 प्रमाणे ती त्या दीड एकराची पूर्ण मालक आहे.

जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर मृत्यूच्या आधी वाटणी झाली असं कायदा धरून चालतो, आणि नवऱ्याच्या वाट्याला जे आलं असतं ते त्याच्या वारसांत जातं. सासऱ्याने स्वतः घेतलेल्या जमिनीत तो हयात असेपर्यंत सुनेचा हिस्सा नाही, हे मात्र खरं. तो मृत्युपत्र न करता वारला, तर आधी गेलेल्या मुलाची विधवा आणि मुलं पहिल्या वर्गातच येतात.

मग गाडी अडते कुठे? सातबारा नीट वाचा. वारस नोंदीत पुष्कळदा मुलाचं नाव असतं आणि पुढे ‘अ.पा.क. आई’. म्हणजे अज्ञान पालनकर्ती. बाईला वाटतं, आपलं नाव लागलं. प्रत्यक्षात ती तिथे पोराची राखणदार म्हणून आहे, तिचा स्वतःचा हिस्सा कुठेच लिहिलेला नाही. पोरगा 18 वर्षांचा झाला की अर्ज देऊन तो शेरा कमी करता येतो, आणि आईचं नाव उताऱ्यावरून जातं. ज्या वावरात तिने इतकी वर्षं कपाशी वेचली त्यावर पीककर्ज मागायला गेली तर कागदावर ती कोणीच नाही. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त चीड याच एका ओळीची येते, कारण तिच्यात कोणाची दांडगाई दिसत नाही. पटवाऱ्याकडे अर्ज देतानाच ‘वारस म्हणून माझं नाव वेगळं लावा’ असं लिहून द्यावं आणि पोच घ्यावी.

दुसऱ्या लग्नाचं म्हणाल, तर 1856 च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात हक्क जाण्याची तरतूद होती. तो कायदा 1983 मध्ये रद्द झाला. 1956 च्या कायद्यातलं कलम 24 मृताच्या स्वतःच्या विधवेसाठी नव्हतंच. ते आधी गेलेल्या मुलाच्या, नातवाच्या किंवा भावाच्या विधवेबद्दल होतं, आणि तेही 2005 मध्ये वगळलं. नवरा गेला त्याच क्षणी बायकोला वाटा मिळतो. पुढे तिने लग्न केलं म्हणून तो कोणी काढून घेऊ शकत नाही.

फेरफाराने मालकी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलं आहे. ती महसुलाची नोंद आहे. चुकीची झाली असेल तर उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील होतं. मुदत 60 दिवसांची आहे, पण सबळ कारण दाखवलं तर उशीर माफ होऊ शकतो. वारस कोण यावरच भांडण असेल तर दिवाणी न्यायालय आहे.

“तिने हक्कसोड लिहून दिलंय” असंही सांगतात. तेराव्याच्या गडबडीत स्टॅम्प पेपरवर घेतलेला अंगठा म्हणजे हक्कसोडपत्र नव्हे. जमिनीवरचा हक्क सोडायचा तर दस्ताची दुय्यम निबंधकाकडे नोंदणी लागते. ती नसेल तर त्या कागदाने हक्क जात नाही. शेतकऱ्याने जीव दिल्यावर घरच्यांना सरकारकडून मिळणाऱ्या एक लाखाचंही तसंच. ती मदत आहे, जमिनीचा मोबदला नाही. “लाख घेतले ना, आता वावर सोड” असं म्हणणाऱ्याला कोणत्याही कायद्याचा आधार नाही.

आदिवासी बहिणींची गोष्ट वेगळी आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 2(2) मुळे अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, त्यामुळे गोंड, कोलाम घरांत ‘रूढीत बाईला हिस्सा नाही’ असं सांगून विषय मिटवतात. जुलै 2025 मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या वारसांना आजोबांच्या मालमत्तेत बरोबरीचा हिस्सा दिला. बाईला वगळणारी रूढी आहे असं म्हणणाऱ्याने ती सिद्ध करावी लागते, आणि त्या खटल्यात ती सिद्ध झाली नाही. तो निकाल मुलीच्या बाजूचा होता, विधवेचा प्रश्न तिथे नव्हता. तरी पांढरकवड्याच्या किंवा धानोऱ्याच्या वकिलाने तो पहिल्याच तारखेला पुढे ठेवावा.