स्कॉटलंडचा शेतकरी 'आपल्या जमिनीचा राजा' नव्हता

व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या स्कॉटिश शेतकरी कुटुंबाबद्दल एक मजकूर बराच फिरतोय. स्वतःची जमीन, पिढ्यान्‌पिढ्या एकच घर, बाप-लेक नांगरावर, बाया चुलीपाशी, मुलांना शाळेचा जाच नाही, कुणाचं मिंधेपण नाही. वाचून वाईट वाटलं. ज्यांच्या घामावर ती शेती चालली, तीच माणसं यातून गायब आहेत.

आधी जमीन. बहुतेक शेतकरी जमीनदाराची कुळं होती. सखल, सुपीक भागात १९ वर्षांचा करार असे; मुदत संपली की पुन्हा नवी बोली. खंड थकला तर कुळाच्या पिकावर आणि गुरांवर आधी जमीनदाराचा हक्क. तो काढायला १८८० साल उजाडलं. त्याच सालापर्यंत कित्येक करारांत सशांची शिकारही जमीनदाराकडे राखीव असे, म्हणजे पेरलेलं ससे खाताहेत आणि कुळानं बघत बसायचं! हायलंड्स म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या छोट्या कुळांना तर १९ वर्षांचीही हमी नव्हती, सगळं सालाच्या बोलीवर. १८८२ मध्ये स्काय बेटावर ब्रेझ या वस्तीचे लोक पोलिसांना भिडले, १८८३ मध्ये या कुळांच्या तक्रारी ऐकायला सरकारचा नेपियर आयोग बसला, तेव्हा कुठे १८८६ च्या कायद्यानं त्यांना जमिनीवरून हुसकण्यापासून संरक्षण मिळालं. तेही सातच परगण्यांत.

बाप-लेक राबत हे छोट्या शेतांपुरतं खरं. मोठ्या शेतांवर गडी राबत. आपल्याकडच्या सालगड्यासारखी बोली होई, पण अविवाहित गड्याची सहाच महिन्यांची, मे आणि नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या गड्यांच्या बाजारात. हातावर एक नाणं टेकवलं की सौदा पक्का. अँगस, पर्थशर या परगण्यांकडे हे गडी शेतावरच्या 'बॉथी'त राहत. एक खोली, एक शेकोटी, प्रत्येकाची एक लाकडी पेटी. वाडग्यात ओटचं पीठ आणि मीठ घ्यायचं, वर उकळतं पाणी ओतायचं, ढवळायचं, दूध घालून खायचं. सकाळीही तेच, रात्रीही तेच. विवाहित गड्यालाही मजुरीतला मोठा भाग पिठातच मिळे, वर्षाला साधारण ४१० किलो.

'बाया चुलीपाशी' हे तर सर्वांत चुकीचं. इंग्लंडच्या सीमेलगतच्या बेरिकशर, रॉक्सबर्गशर परगण्यांमध्ये गड्याला कामावर घेतानाच अट असे की त्यानं शेतकामाला एक बाई आणायची. लेक हाताशी आलेली नसेल, तर परकी मुलगी पदरच्या पैशानं ठेवायची, आपल्याच घरात. आणि घर केवढं? १८६१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधली जवळपास एक तृतीयांश घरं एकखोलीची होती. त्या खोलीत नवरा-बायको, पोरं आणि ही मुलगी. दिवसा ती काळी गवती टोपी घालून, डोक्याला रुमाल बांधून सलगमाच्या शेतात खुरपी, हिवाळ्यात गोठलेले सलगम छाटी.

शाळा तिथे जुनीच. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीत, शाळा असावी हा कायदा १६९६ चा, आणि १८७२ पासून ५ ते १३ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं. बटाटे काढायच्या दिवसांत वर्ग ओस पडत, हे मात्र खरं.

राहिलं पिढ्यान्‌पिढ्यांचं घर. विवाहित गड्याचं घर नोकरीला बांधलेलं. वर्षाची बोली संपली आणि पुढची जमली नाही की ते सोडायचं. मग मे महिन्यात गाडीत पलंग, पेट्या, भांडी आणि वर मुलं, की निघाले दुसऱ्या शेतावर. मुलांची शाळाही बदलली.