मराठीला नवे शब्द घडवता येत नाहीत?

रेल्वेच्या सिग्नलला मराठीत म्हणे 'अग्निरथगमनागमनदर्शकलोहताम्रपट्टिका' म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर वर्षानुवर्षं फिरणाऱ्या या विनोदाखाली हल्ली चार वाक्यं जोडलेली असतात: मराठीत नवा शब्द घडवायला गेलं की असलंच काहीतरी होतं, पंडितांनी बसून केलेले शब्द टिकत नाहीत, म्हणून इंग्रजी शब्द घ्यावे लागतात, आणि ते घेता घेता भाषा संपते. चांगली शिकलेली माणसं हे खरं मानून पुढे पाठवतात, याचं मला वाईट वाटतं. म्हणून एकेक वाक्य घेतो.

तो लांबलचक शब्द टवाळीसाठीच रचलेला आहे. टायसाठी सांगितला जाणारा 'कंठलंगोट'ही तसाच. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी धावली, तिला आपल्या लोकांनी काय म्हटलं? आगगाडी. ओळखीचे दोन शब्द शेजारी ठेवले आणि काम झालं. 'आगबोट' त्याच घडणीची, आणि त्यातली बोट तर इंग्रजी. 'फुटपट्टी'तला फूटही इंग्रजीच. मोटारसायकलच्या आवाजावरून 'फटफटी' झाली.

पंडितांचे शब्द टिकत नाहीत, यात थोडं तथ्य आहे. 'परवाना' सगळ्यांना कळत असताना सरकारी कागदावर 'अनुज्ञप्ती' आली. ती वाचून माणूस बिचकतो, आणि तो राग रास्त आहे. पण म्हणून सगळेच घडवलेले शब्द मेले का? शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची फारसी पदनामं बदलून संस्कृत केली गेली, रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला गेला. सुरनिसाचा सचिव झाला, सरनौबताचा सेनापती. पेशव्याला प्रधान म्हणायचं ठरलं, तरी लोकांच्या तोंडी पेशवाच राहिला. त्या वेळी कुणी म्हटलं असतं, फसला हा प्रयोग. आज मंत्रालयात सचिव बसतात, आणि हिंदीत 'प्रधानमंत्री' असलेल्या पदाला आपण 'पंतप्रधान' म्हणतो. सावरकरांनी सुचवलेला 'महापौर' आता कुणाला अवघड वाटतो? 'संगणक' बोलताना कमी येतो हे खरं, पण ग्रामपंचायतीतला संगणक परिचालक गावाला ठाऊक असतो. 'भ्रमणध्वनी' मात्र लेटरहेडवरच राहिला, कारण 'मोबाईल' आखूड होता आणि वस्तूबरोबरच हातात आला. कुठला शब्द तगेल हे तो कोणी घडवला यावरून सांगता येत नाही. तोंडाला सोपा आहे का, आणि जिथे अडतं तिथे वेळेवर मिळाला का, हे बघावं लागतं.

आता उसनवारीचं. बटाटा, चावी, पगार, इस्त्री, लिलाव, घमेलं हे सगळे पोर्तुगिजांकडून आले. त्यांच्या येण्याने मराठी संपली नाही. पावाचंच बघा: शब्द परका, पण पाववाला, वडापाव, मिसळपाव ही पुढची प्रजा इथली. 'चित्रफीत' अगदी शुद्ध वाटतो ना? त्यातली फीत पोर्तुगीज आहे. इंग्रजी शब्दांनाही आपण आपलं व्याकरण लावतो. टेबलाखाली, कपात, स्टेशनावर म्हणताना आपण नकळत सामान्यरूप करतो. बस आली, फोन आला, हे लिंगही आपणच ठरवलं. इंग्रजीत ते नव्हतंच. मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. 'भात कुक झाला' असं म्हणताना हाताशी असलेलं क्रियापद आपण टाकून देतो. 'शिजणे' गेलं की शिजवणे, शिजत घालणे हा सगळा संसार जातो. त्याचा दोष उसन्या नामांवर टाकू नये.

आणि मराठीत नवे शब्द होत नाहीत असं वाटणाऱ्यांनी शहराबाहेर कान द्यावा. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे प्रवासी जीपला 'वडाप' म्हणतात. लहान मालवाहू टेम्पोचा 'छोटा हत्ती' झाला. शेतात पाणी थेंबाथेंबाने देण्याचं तंत्र आलं तेव्हा 'ठिबकणे' हे घरचं क्रियापद कामाला आलं. पुस्तकात ते 'ठिबक सिंचन' आहे. बांधावर सिंचन गळून पडलं आणि नुसतं ठिबक उरलं: "उसाला ठिबक केलंय, दोन तासांनी बंद करायचंय."