चष्मा नाकावरच होता

नमस्कार. इंग्रजी शिकणारी चिनी मुलं 'वेअर' आणि 'पुट ऑन'मध्ये का गोंधळतात, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सडेतोड आहे. आधी माझी चूक कबूल करतो. चिनीत चष्मा घालण्यालाही 'छ्वान' (घालणे) हेच क्रियापद लागतं असं मी लिहिलं होतं, ते साफ चुकलं. कपडे, बूट, मोजे 'छ्वान'मध्ये येतात. चष्मा, टोपी, घड्याळ, हातमोजे 'ताइ'मध्ये. लेख दुरुस्त केलाय.

पण "वेअर म्हणजे घालणे, विषय संपला, चिनीत काळच नाहीत म्हणून ती मुलं गोंधळतात," हे तुमचं म्हणणं काही पटत नाही. काळाप्रमाणे क्रियापदाचं रूप बदलत नाही, हे खरं. पण माणूस कपडे घालतोय की घालून बसलाय, हा फरक चिनी चोख करते. 'त्साय छ्वान' म्हणजे घालतोय, 'छ्वान-च' म्हणजे घातलेलं आहे. (हा 'च' आपला नव्हे, नुसता कानाला तसा लागतो.) क्रियापद तेच राहतं. इंग्रजीत मात्र क्रियापदच बदलतं: अंगात चढवताना 'पुट ऑन', चढवून झाल्यावर 'वेअर', आणि 'इंग' दोघांनाही! शब्दकोशात दोन्हींपुढे 'छ्वान' दिसल्यावर पोरांनी करायचं काय?

माझी एक चिनी विद्यार्थिनी ऑनलाइन तासाला म्हणाली, "आय ॲम पुटिंग ऑन ग्लासेस." मी थांबलो. आता चष्मा घालेल, मग घालेल. चष्मा नाकावरच होता.

आपण तरी कुठे वेगळे? "ती निळी साडी नेसली आहे" याचं इंग्रजी आपल्याकडे सर्रास 'हॅज वोर्न' होतं. आणि 'शी वेअर्स ग्लासेस'चं सरळ मराठी "तिला चष्मा आहे". घालणं गेलं कुठे?

शिवाय आपण साडी नेसतो, फेटा बांधतो, दाढी राखतो, सेंट मारतो. इंग्रजीत सगळ्याला 'वेअर' चालतं. चिनी लोकही दाढी राखतात आणि सेंट फवारतात. त्यामुळे 'वेअर अ बिअर्ड' पहिल्यांदा वाचून एखाद्याला नाटकातली खोटी दाढी आठवली, तर मी त्याचे मार्क कापणार नाही.

'वेअर आउट' राहून गेलं, ही तक्रार मात्र रास्त. बूट झिजतात तेही 'वेअर आउट' आणि माणूस थकतो तेही. चिनीत बूट 'छ्वान-फो' होतात, म्हणजे घालून घालून फाटतात. थकलेल्या माणसाला तो शब्द लावून चालत नाही. यावर वेगळं लिहितो. या वेळी चिनी उदाहरणं छापण्याआधी तुम्हालाच पाठवीन.