सेवा करणाऱ्याचा रक्तदाब कोण मोजतो?

स्मृतिभ्रंश, पार्किन्सन किंवा अर्धांगवायू अशा वर्षानुवर्षे चालणाऱ्या दुखण्यात रुग्णाची फाइल तयार होते, गोळ्यांच्या वेळा कागदावर लिहून फ्रिजवर लावल्या जातात, रक्त तपासायला लॅबचा माणूस घरी येतो. त्याच घरात रुग्णासाठी रात्रीतून तीनदा उठणारी जी व्यक्ती असते, आणि ती बहुतेक वेळा पत्नी, सून किंवा मुलगी असते, तिच्या प्रकृतीची नोंद मात्र कुठेच होत नाही. तिला भेटायला आलेले लोक ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढे सांगून चहा पिऊन जातात. दीर्घकाळचा ताण ही मनाची नव्हे तर सगळ्या शरीराची अवस्था असते, हे आपण अजून मनावर घेतलेले नाही, असे मला फार तीव्रतेने वाटते.

संकट समोर आले की अ‍ॅड्रिनॅलिनमुळे हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, पाठोपाठ मेंदूच्या इशाऱ्यावरून मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल सोडतात, यकृत रक्तात जास्तीची साखर ओतते आणि पचन किंवा झीज भरून काढणे यांसारखी कामे मागे पडतात. संकट टळले की हे सारे उतरते, कारण वाढलेले कॉर्टिसॉलच मेंदूला थांबण्याचा निरोप देते. निरोगी माणसात हे संप्रेरक सकाळी सर्वाधिक असते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वात खाली येते. हा उतार महिनोन्महिने नीट मिळाला नाही, तर शरीराला जी झीज सोसावी लागते, तिची मांडणी ब्रूस मॅकइवन आणि एलियट स्टेलर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये केली.

आता रुग्णाच्या खोलीत काय चालते ते पाहा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून त्याला साधारण दर दोन तासांनी कुशीवर वळवावे लागते, अंगाखालची आडवी चादर ओढून, स्वतःची कंबर सांभाळत. स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर तो रात्री दोन वाजता ‘मला घरी जायचंय’ म्हणत दाराची कडी काढू लागतो आणि समजूत घालणाऱ्या बायकोलाच ‘तुम्ही कोण’ असे विचारतो. अशा घरातली बाई दिवसा गॅसवर दूध ठेवून विसरते, आणि आपल्यालाही हाच आजार जडतोय की काय या भीतीने आणखी खचते. खरे तर तुटलेली झोप आणि सततचे वाढलेले कॉर्टिसॉल स्मरणशक्तीवर परिणाम करतात. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा आठवणींशी निगडित भाग या संप्रेरकाला विशेष संवेदनशील असतो. हे तिला कोणीतरी वेळेवर सांगायला हवे.

अमेरिकेतील ओहायो राज्यात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर यांनी स्मृतिभ्रंशाच्या नातेवाइकाची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रिया आणि त्याच वयोगटातील, तेवढ्याच उत्पन्नाच्या पण ही जबाबदारी नसलेल्या १३ स्त्रिया निवडल्या आणि प्रत्येकीच्या हातावर ३.५ मिलिमीटरची छोटी जखम केली. काळजीवाहू स्त्रियांची जखम भरायला सरासरी ९ दिवस जास्त लागले. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास लहान आहे, तरी त्याचे महत्त्व मला मोठे वाटते, कारण जखमेला सोशिकपणाचे सोंग आणता येत नाही.

त्याहून गंभीर बाब रिचर्ड शुल्झ आणि स्कॉट बीच यांच्या १९९९ च्या अभ्यासात आढळली. आजारी जोडीदाराची सेवा करणाऱ्या आणि त्या सेवेचा ताण जाणवणाऱ्या वृद्धांमध्ये, अशी सेवा न करणाऱ्यांच्या तुलनेत, चार वर्षांतील मृत्यूचा धोका ६३ टक्क्यांनी जास्त होता. ज्यांना सेवा करूनही ताण जाणवत नव्हता, त्यांच्यात असा वाढीव धोका दिसला नाही. सेवा वाईट, असा याचा अर्थ मुळीच नाही. हलका न होणारा भार घातक, असा आहे.

म्हणूनच ‘किती करते हो बिचारी’ या कौतुकाने माझे समाधान होत नाही. भावंडांनी एकत्र बसून रात्री वाटून घ्याव्यात. ऐपत असेल तर निदान रात्रपाळीला ब्यूरोची मावशी ठेवावी, आणि त्यावरून ‘स्वतःच्या माणसाचं करायला जड जातं’ असे कोणी बोलू नये. परदेशी असलेल्या मुलाने पैसे पाठवावेतच, पण रजा काढून यावे आणि त्या काळात चादर स्वतः ओढावी. घरी तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना माझी कळकळीची विनंती आहे, की रुग्णाच्या दंडाला गुंडाळलेला पट्टा सोडल्यावर तो शेजारी उभ्या असलेल्या बाईच्याही दंडाला लावा, तिची साखर तपासा, ती किती झोपते ते तिला बाजूला घेऊन विचारा.

आणि हे रुग्ण गेल्यावर थांबवू नका. किकोल्ट-ग्लेझर यांच्याच २००३ च्या अभ्यासात काळजीवाहू जोडीदारांच्या रक्तातील इंटरल्युकिन-६ हा दाहाशी संबंधित घटक इतरांपेक्षा सुमारे चौपट वेगाने वाढताना आढळला, आणि आजारी जोडीदाराच्या मृत्यूनंतर काही वर्षे उलटली तरी ही वाढ कमी झालेली नव्हती. आपल्याकडे तेरावे झाले की पाहुणे पांगतात आणि ‘आता सुटलीस, आराम कर’ असे तिला सांगितले जाते. नेमके त्याच महिन्यात तिला डॉक्टरकडे घेऊन जा आणि पुढची काही वर्षे तिच्या तपासण्यांच्या तारखा घरातल्या दुसऱ्या कोणीतरी लक्षात ठेवा.